घूमजावाचा माग काढताना: ‘काँग्रेस डॉट गव्ह’ या सेवेचे परीक्षण

एखाद्या नेत्याने बँकांवरील नियंत्रणाबाबत घूमजाव केले, हा आरोप अमेरिकेच्या राजकारणात जुनाच आहे. आरोप करणाऱ्याच्या हाती सहसा दोन मतांचा दाखला असतो: अमुक साली या सिनेटरने बँकांना मोकळीक देणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला आणि तमुक साली तोच सिनेटर बँकांना वेसण घालण्याची भाषा करू लागला. हा दाखला कितपत खरा आहे हे घरबसल्या तपासायचे असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद) चालवली जाणारी ‘काँग्रेस डॉट गव्ह’ ही अधिकृत सेवा कोणालाही खुली आहे. प्रस्तुत परीक्षण तिच्या या एकाच उपयोगापुरते मर्यादित आहे. बँक-नियमनाच्या प्रश्नावर लोकप्रतिनिधींची भूमिका खरोखर बदलली की नाही, याचा निवाडा करायला ही सेवा किती उपयोगी पडते, एवढेच येथे पाहिले आहे.

१९९५ साली सुरू झालेल्या ‘थॉमस’ या सेवेची ही वारसदार होय. २०१२ मध्ये ती चाचणी स्वरूपात आली आणि २०१६ मध्ये ‘थॉमस’ बंद झाल्यावर तिने ती जागा पूर्णपणे घेतली. तिला शुल्क नाही, तिच्यावर जाहिराती नाहीत आणि वाचण्यासाठी खातेही उघडावे लागत नाही. शोध जतन करायचे असतील किंवा एखाद्या विधेयकाच्या प्रगतीची ईमेलने सूचना हवी असेल, तरच खाते लागते. १९७३ पासूनची विधेयके तिच्यात पद्धतशीरपणे लावलेली आहेत, तर सभागृहांतील कामकाजाचे इतिवृत्त थेट १८७३ पर्यंत मागे जाते. प्रत्येक विधेयकाच्या पानावर सारांश, मसुदा, कार्यवाही, शीर्षके, दुरुस्त्या, सहप्रस्तावक, समित्या आणि संबंधित विधेयके असे विभाग असतात. सारांश काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस या संसदेच्या संशोधन विभागाचे अभ्यासक लिहितात. त्यांची भाषा इतकी कोरडी असते की विधेयक कोणाच्या फायद्याचे आहे याचा अंदाजही त्यावरून येऊ नये, आणि या कामासाठी तो कोरडेपणा गुणच म्हणावा लागेल. मतदान नावनिशीवार झाले असेल तर त्याच्या क्रमांकाचा दुवा त्या-त्या सभागृहाच्या स्वतःच्या नोंदीकडे नेतो, म्हणजे मध्ये कोणी भाष्यकार उभा राहत नाही.

या सेवेची कसोटी पाहण्यासाठी १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्यापेक्षा योग्य विषय सापडणे अवघड आहे. १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी स्वीकारणाऱ्या बँका आणि रोख्यांचा व्यवसाय करणाऱ्या संस्था यांच्यामध्ये जी भिंत उभी केली होती, तिचा उरलासुरला मोठा भाग या कायद्याने पाडला. एस. ९०० (‘एस.’ म्हणजे सिनेटमध्ये मांडलेले विधेयक) या क्रमांकाचे पान उघडून कार्यवाहीचा विभाग पाहिला, तर सिनेटमधील दोन मतदाने समोर येतात. पहिले ६ मे १९९९ चे, ५४ विरुद्ध ४४. त्यात साउथ कॅरोलायनाचे अर्नेस्ट हॉलिंग्ज वगळता सर्व डेमोक्रॅट सिनेटर विरोधात होते. दुसरे ४ नोव्हेंबर १९९९ चे, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने केलेल्या मसुद्यावरचे, ९० विरुद्ध ८. म्हणजे सहा महिन्यांत जवळजवळ अख्खा डेमोक्रॅटिक पक्ष एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. ज्यांना केवळ घूमजाव मोजायचे आहे त्यांचे काम येथेच संपते. पण दोन्ही मसुदे उघडून वाचणाऱ्याच्या लक्षात येते की मधल्या काळात विधेयकही बदलले होते. गरीब वस्त्यांमध्ये कर्जपुरवठा करण्याचे बंधन बँकांवर घालणाऱ्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याबाबत व्हाइट हाउस आणि रिपब्लिकन नेते यांच्यात तडजोड झाली होती आणि मे महिन्यातील विरोधाचा मोठा भाग त्याच मुद्द्यावर होता. भिंत पाडण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध मे महिन्यातही फारसा नव्हता. बदल झाला तो मताचा. बँकांच्या स्वरूपाविषयीची समजूत मे आणि नोव्हेंबरमध्ये सारखीच होती.

या दोन्ही मतदानांत जो बायडेन होते. मे महिन्यात विरोधात आणि नोव्हेंबरमध्ये बाजूने, ही त्यांची दोन मते या सेवेतून निघालेल्या दुव्यांवर दोन-चार मिनिटांत सापडतात. तिसरी गोष्ट मात्र सापडत नाही: नंतरच्या वर्षांत बायडेन यांनी नोव्हेंबरच्या त्या मताबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला आणि आपल्या सिनेटमधील कारकिर्दीतील ते सर्वांत वाईट मत असल्याचे सांगितले. तोवर ते सिनेटमध्ये नव्हते, त्यामुळे त्या पश्चात्तापाची नोंद होण्याची जागाच या सेवेत नाही. ज्याला खऱ्या अर्थाने भूमिका बदलणे म्हणता येईल, ती गोष्ट नेमकी नोंदीच्या बाहेर घडली. बिल क्लिंटन यांच्याबाबतही हेच आहे. त्यांनी २०१० मध्ये डेरिव्हेटिव्ह व्यवहारांवर (दुसऱ्या एखाद्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलेल्या करारांवर) नियंत्रण न आणण्याचा आपल्या सल्लागारांचा सल्ला ऐकणे चूक होती, असे मान्य केले. पण राष्ट्राध्यक्ष विधेयकावर सही करतो, मतदान करत नाही, आणि सहीची नोंद एका तारखेपुरती असते. (क्लिंटन यांच्या या कबुलीचा हवाला पुष्कळदा ग्लास-स्टीगलच्या संदर्भात दिला जातो. तो चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याचे समर्थन ते २००८ च्या संकटानंतरही करत होते.)

नोव्हेंबर १९९९ मधील आठ विरोधकांची यादी वाचण्यासारखी आहे. त्यात बायरन डॉर्गन आहेत, ज्यांनी दहा वर्षांनी आपल्याला या निर्णयाचा पस्तावा होईल असा इशारा सभागृहात दिला होता. रस फाइनगोल्ड आणि पॉल वेलस्टोन आहेत. आणि सात डेमोक्रॅटांच्या सोबत अलाबामाचे रिचर्ड शेल्बी हे एकटेच रिपब्लिकन आहेत. शेल्बींच्या नावावर पुढची मते पाहत गेलो तर २००८ च्या संकटानंतर बँकांवरील नियंत्रण कडक करणाऱ्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याला विरोध आणि २०१८ मध्ये तो कायदा सैल करणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिसतो. तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर हा मनुष्य आधी बँकांच्या मोकळिकीच्या विरुद्ध होता आणि नंतर तिच्या बाजूने गेला, असा निष्कर्ष कोणीही काढील. इतिवृत्तातील त्यांची भाषणे वाचल्यावर चित्र वेगळे दिसते: १९९९ मध्ये त्यांचा मोठा आक्षेप ग्राहकांची आर्थिक माहिती एकाच समूहातील कंपन्यांमध्ये फिरण्यावर, म्हणजे खासगीपणाच्या प्रश्नावर होता. मत सापडायला काही क्षण पुरतात, मतामागचे कारण सापडायला अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, आणि या दोहोंमधले अंतर हाच या सेवेच्या उपयुक्ततेचा खरा मापदंड आहे. इतिवृत्त वाचताना एक पथ्यही पाळावे लागते. सभासदांना न केलेली भाषणे इतिवृत्तात समाविष्ट करता येतात, आणि ती विशिष्ट खुणेने किंवा वेगळ्या टंकाने दाखवलेली असतात. ती खूण नजरेआड झाली, तर कोणीही न ऐकलेले भाषण सभागृहात गाजलेले भाषण म्हणून आपल्या टिपणात उतरते.

मत कोठेच नोंदवले गेले नसेल तर काय होते, याचे उदाहरण पुढच्याच वर्षी मिळते. डेरिव्हेटिव्हच्या मोठ्या बाजाराला नियंत्रणातून वगळणारा कमॉडिटी फ्युचर्स मॉडर्नायझेशन कायदा डिसेंबर २००० मध्ये झाला. त्याच्या नावाने शोध घेतला तर एच.आर. ५६६० (‘एच.आर.’ म्हणजे प्रतिनिधिगृहात, कनिष्ठ सभागृहात मांडलेले) हे विधेयक सापडते, जे १४ डिसेंबरला मांडले गेले आणि ज्याच्यावर स्वतंत्र मतदान कधी झालेच नाही, कारण ते एच.आर. ४५७७ या खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात केवळ उल्लेखाने सामील करून घेतले होते. प्रतिनिधिगृहाने हे खर्चाचे विधेयक २९२ विरुद्ध ६० मतांनी संमत केले. सिनेटने सर्वसंमतीने, म्हणजे नावे न पुकारता. २००८ नंतर डेरिव्हेटिव्हच्या नावाने बोटे मोडणाऱ्या सिनेटरांपैकी कोणाला २००० साली काय वाटत होते, हे त्यामुळे या नोंदीवरून सांगता येत नाही. हा दोष सेवेचा नव्हे, सभागृहाच्या रीतीचा आहे. सेवेने तो झाकलेला नाही एवढे तिच्या बाजूने सांगता येते. मात्र खर्चाच्या विधेयकाचे पान पाहणाऱ्या नवख्या वाचकाला त्यात बँक-नियमनाचा एवढा मोठा निर्णय दडला आहे याची कल्पना येण्यासाठी कार्यवाही, शीर्षके आणि संबंधित विधेयके हे तिन्ही विभाग चाळावे लागतात.

शीर्षकांचा विभाग किती महत्त्वाचा आहे, हे २००८ च्या घटनांवरून आणखी ठळकपणे कळते. बँकांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद करणारा प्रस्ताव प्रतिनिधिगृहाने २९ सप्टेंबर २००८ रोजी २०५ विरुद्ध २२८ मतांनी फेटाळला आणि त्याच दिवशी शेअर बाजाराचा डाउ जोन्स निर्देशांक ७७७ अंशांनी कोसळला. ३ ऑक्टोबरला त्याच सभागृहाने सुधारित प्रस्ताव २६३ विरुद्ध १७१ मतांनी संमत केला. चार दिवसांत ५० हून अधिक सभासदांनी बाजू बदलली. बँकांच्या प्रश्नावरील इतके मोठे, इतके जलद आणि इतके उघड मतपरिवर्तन अमेरिकी संसदेच्या अलीकडच्या इतिहासात दुसरे दाखवता येणार नाही. परंतु ही दोन मतदाने एकाच विधेयकाच्या पानावर नाहीत. फेटाळलेला प्रस्ताव एच.आर. ३९९७ मध्ये आहे, जे मुळात सैनिकांच्या करसवलतींचे विधेयक होते. संमत झालेला एच.आर. १४२४ मध्ये आहे, जे मुळात मानसिक आजारांवरील उपचारांना विम्यात समान स्थान देण्याचे विधेयक होते आणि ज्याला पॉल वेलस्टोन यांचे नाव दिलेले होते. १९९९ मध्ये बँकांच्या मोकळिकीला विरोध करणाऱ्या आठ जणांपैकी एकाच्या नावाच्या विधेयकातून बँका वाचवल्या गेल्या, हा दैवदुर्विलास शीर्षकांचा विभाग उघडणाऱ्यालाच दिसतो. ज्यांनी बाजू बदलली त्यांना नेमके काय मिळाले हेही मसुद्यांची तुलना केल्यावर कळते: दुसऱ्या मसुद्यात ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून अडीच लाख डॉलरपर्यंत तात्पुरती वाढवली होती आणि कितीतरी करसवलती जोडल्या होत्या.

डॉड-फ्रँक कायद्याची नोंद त्या मानाने बरीच सुटसुटीत आहे, निदान सिनेटपुरती. दोन्ही महत्त्वाची मतदाने एच.आर. ४१७३ या एकाच पानावरून मिळतात: २० मे २०१० चे ५९ विरुद्ध ३९ आणि १५ जुलै २०१० चे ६० विरुद्ध ३९. आकडे जवळजवळ सारखे असले तरी नावे सारखी नाहीत. आयोवाचे रिपब्लिकन चार्ल्स ग्रासली मे मध्ये बाजूने होते आणि जुलैमध्ये विरोधात गेले. वॉशिंग्टन राज्याच्या डेमोक्रॅट मारिया कँटवेल मे मध्ये विरोधात होत्या आणि जुलैमध्ये बाजूने आल्या. कँटवेल यांचा आक्षेप डेरिव्हेटिव्हवरील तरतुदींतील पळवाटांवर होता आणि संयुक्त समितीच्या मसुद्यात त्या पुरेशा बुजल्याचे त्यांचे समाधान झाले, म्हणून त्यांच्या बदललेल्या मताला घूमजाव म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भूमिका तीच राहिली आणि कायदा तिच्याकडे सरकला. रस फाइनगोल्ड यांचे प्रकरण तर याहून बोलके आहे. १९९९ मध्ये मोकळिकीला विरोध करणारे फाइनगोल्ड २०१० मध्ये दोन्ही वेळा कडक कायद्याच्याही विरोधात दिसतात, आणि विरोधी मतांच्या स्तंभात त्यांचे नाव रिपब्लिकन नेते मिच मॅक्कॉनेल यांच्याबरोबर येते. कारण असे की त्यांच्या मते तो कायदा पुढचे संकट टाळण्याइतका कडकच नव्हता. नावनिशीवार मतदानाच्या तक्त्यात ‘फार कडक आहे म्हणून नको’ आणि ‘पुरेसा कडक नाही म्हणून नको’ या दोघांसाठी एकच रकाना असतो. ज्या संस्था या तक्त्यांवरून लोकप्रतिनिधींना टक्केवारीने गुण देतात, त्यांची गुणपत्रके फाइनगोल्डसारख्या माणसापुढे हमखास फसतात. त्यापेक्षा कच्ची नोंद वाचकापुढे ठेवून गप्प राहणारी ही सेवा मला अधिक प्रामाणिक वाटते.

मतदानापेक्षाही सहप्रस्तावकांचा विभाग या कामासाठी उपयोगी आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. कोणत्या सभासदाने कोणत्या तारखेला विधेयकाला आपले नाव जोडले ते तेथे दिसते, आणि कोणी ते काढून घेतले असेल तर तेही तारखेसह वेगळे दाखवलेले असते. विधेयकाला नाव जोडण्याची सक्ती कोणावरही नसते, पक्षाच्या प्रतोदाचा दबाव तेथे अंतिम मतदानाइतका नसतो, त्यामुळे सहप्रस्तावकाची सही ही भूमिकेची मताहून अधिक स्वच्छ खूण असते. २०१३ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आधुनिक ग्लास-स्टीगल विधेयक मांडले तेव्हा त्याच्याशी रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांचे नाव होते. १९९९ च्या नोव्हेंबरमधील मतदानात मॅकेन यांनी भागच घेतला नव्हता. एक अनुपस्थिती आणि एक स्वेच्छेची सही यांतून जे मतांतर जाणवते, ते मतांच्या तक्त्यातून कधीच जाणवले नसते.

या सेवेची मर्यादा सर्वांत तीव्रतेने जाणवते ती २०१८ च्या कायद्याबाबत. डॉड-फ्रँकने ५० अब्ज डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्या बँकांना अधिक कडक देखरेखीखाली आणले होते. सिनेटर माइक क्रेपो यांच्या एस. २१५५ या विधेयकाने ही मर्यादा २५० अब्ज डॉलरपर्यंत नेली. सिनेटने ते १४ मार्च २०१८ रोजी ६७ विरुद्ध ३१ मतांनी आणि प्रतिनिधिगृहाने २२ मे रोजी २५८ विरुद्ध १५९ मतांनी संमत केले. सिनेटमधील १६ डेमोक्रॅट आणि अपक्ष अँगस किंग यांनी पाठिंबा दिला होता. एवढे सगळे पानावर आहे. पण १०० ते २५० अब्ज डॉलरच्या दरम्यानच्या बँकांचे काय करायचे याचा बराचसा अधिकार या कायद्याने फेडरल रिझर्व्हकडे (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडे) सोपवला आणि प्रत्यक्ष शिथिलता फेडरल रिझर्व्हने २०१९ मध्ये केलेल्या नियमांतून आली. नियम हे संसदेचे काम नसल्याने ते शोधण्यासाठी फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्राकडे जावे लागते. त्याचप्रमाणे २०१६ मध्ये दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत ग्लास-स्टीगलच्या पुनरुज्जीवनाची भाषा होती आणि मे २०१७ मध्ये अर्थमंत्री स्टीव्हन म्नुचिन यांनी सिनेटच्या बँकिंग समितीपुढे बँकांच्या विभाजनाला आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले. त्यांतील जाहीरनामे या सेवेच्या कक्षेबाहेर आहेत आणि मंत्र्यांची साक्ष मिळवायची तर समितीच्या सुनावणीचे इतिवृत्त शोधत बसावे लागते.

बार्नी फ्रँक यांचे उदाहरण याच पंक्तीतले. ज्यांचे नाव २०१० च्या कायद्याला आहे, ते जानेवारी २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहातून निवृत्त झाले, २०१५ मध्ये सिग्नेचर बँकेच्या संचालक मंडळावर गेले आणि ५० अब्जांची मर्यादा वाढवावी असे जाहीरपणे म्हणू लागले. हे मत बँकेत जाण्यापूर्वीचेच असल्याचे त्यांचे सांगणे आहे. ते खरे मानावे की नाही याचा निर्णय वाचकाने करावा, परंतु त्यासाठी लागणारी एकही गोष्ट त्यांच्या सभासद-पानावर नाही, कारण ते पान त्यांच्या निवृत्तीपाशी थांबते. सिग्नेचर बँक १२ मार्च २०२३ रोजी बंद करण्यात आली, सिलिकॉन व्हॅली बँक बुडाल्यानंतर दोनच दिवसांनी.

मग ही सेवा कोणी वापरावी? ज्याला आधीच ठरवलेल्या आरोपासाठी एक पुरावा हवा आहे, त्याला तो येथे सहज मिळेल आणि बहुधा दिशाभूल करणारा मिळेल. ज्याला विधेयकाचा क्रमांक माहीत आहे, दोन मसुद्यांमधला फरक वाचण्याचा धीर आहे आणि भाषणांचे इतिवृत्त चाळण्याइतका वेळ आहे, त्याच्यासाठी इतकी पूर्ण आणि फुकट मिळणारी दुसरी नोंद मला माहीत नाही. एकाच सभासदाची एकाच विषयावरील तीस वर्षांची मते एका पानावर मांडून देण्याची सोय तिच्यात असती तर ती अधिक लोकप्रिय झाली असती, यात शंका नाही; पण वर दिलेली उदाहरणे पाहता अशी सोय नाही याचे मला फारसे वाईट वाटत नाही. शीर्षकांवर भिस्त ठेवणाऱ्या शोधाला बँकांचे विधेयक मानसिक आरोग्याच्या नावाखाली सापडण्यासाठी जी मदत लागते ती मात्र अधिक ठळक असायला हवी.

सिलिकॉन व्हॅली बँक बुडाल्यावर काही दिवसांतच वॉरन आणि प्रतिनिधिगृहाच्या सभासद केटी पोर्टर यांनी २०१८ च्या सवलती रद्द करणारे सिक्युअर व्हायबल बँकिंग विधेयक मांडले. २०१८ मध्ये पाठिंबा देणाऱ्यांपैकी डेमोक्रॅट सिनेटर मार्क वॉर्नर यांनी तेव्हाही आपल्या मताचे समर्थनच केले. इतरांना काय वाटत होते हे दूरचित्रवाणीवरील मुलाखतींतून शोधावे लागते. विधेयकाच्या पानावरील कार्यवाहीचा विभाग समितीकडे पाठवल्याच्या नोंदीपुढे सरकलेला नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या संसदेची मुदत संपताच विधेयकही निकालात निघाले. ते सभागृहापुढे मतदानाला कधीच आले नाही, त्यामुळे २०१८ चे मत बदलण्याची वेळ कोणावरही आली नाही.